मायनं लाईन सोडली तेव्हा

बोईसरला आम्ही राहायला गेलो असं मी कुणाला सांगते, तेव्हा ते पूर्ण खरं नसतं. आम्ही राहायला गेलो ते खानदेशी लाईनीत. बोईसर मला पुष्कळ नंतर दिसलं. लाईन म्हणजे एकमेकींकडे तोंड करून बांधलेल्या खोल्यांच्या दोन रांगा, वर सिमेंटचे पत्रे, मधून वाहणारं उघडं गटार, एका टोकाला नळ आणि दुसऱ्या टोकाला नानांची खोली. प्रत्येक दारातून अहिराणी ऐकू यायची. सकाळी नळावरची भांडणं अहिराणीत, दुपारी लसूण-मिरची कुटण्याचा आवाज, संध्याकाळी पाळी सुटून आलेल्या पुरुषांचं खोकणं आणि त्या खोकल्यातूनच हसणं. मला वाटायचं, आपण गाव सोडलेलंच नाही. कुणीतरी शेतं तेवढी उचलून नेली आणि त्यांच्या जागी धुराडी उभी केली. शाळेत मात्र मास्तर माझी भाषा दुरुस्त करायचे. ‘शे’ नाही, ‘आहे’ म्हण. मी म्हणायला शिकले. पुस्तकातलं मराठी शाळेपुरतं आणि अहिराणी घरची, असे दोन डबे मी वेगळे ठेवले होते.

नाना म्हणजे आप्पांचे, माझ्या वडिलांचे, दूरचे चुलतभाऊ. वयानं थोरले. रंग बनवणाऱ्या एका कंपनीत ते मुकादम होते. लाईनीतले जवळजवळ सगळे पुरुष त्याच कंपनीत, आणि सगळ्यांना लावलं नानांनीच. गावाकडून एखादा पोरगा आला की पिशवी नानांच्या खोलीत ठेवायचा, नळावर आंघोळ करायचा, आमच्याकडे जेवायचा आणि दोन-तीन दिवसांत कामावर उभा राहायचा. फाटकावर त्याला कुणी शिक्षण विचारत नसे. नानांचा माणूस आहे, एवढं पुरे व्हायचं. आजारपण असो, बाळंतपण असो, पोलिसांचं काही असो, नाना पायात चपला घालून निघायचे. मी हे आज मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात नाना वाईट वाटण्याची शक्यता आहे, आणि ते वाईट नव्हते.

कंपनीचा रंग पुरुषांच्या नखांत, कानांच्या पाळ्यांमागे, बनियनच्या शिवणींत बसलेला असायचा. आप्पा बहुतेक पिवळ्या खात्यात असत. त्यांच्या आंघोळीचं पाणी गटारातून हळदीसारखं वाहत जायचं. खाली बसून भांडी घासणाऱ्या बायका पाण्याकडे बघून सांगायच्या, आज कोणाच्या नवऱ्याला कुठल्या खात्यात टाकलंय. त्यात कुणाला काही दुःखाचं वाटत नसे. हसायच्या.

माय खानावळ चालवायची. लाईनीत एकटे राहणारे पोरगे आमच्याकडे जेवायचे, पाळीपाळीनं, भिंतीला टेकून एका रांगेत बसून. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, वांग्याचं भरीत, रविवारी शेवभाजी. चव गावची असल्यामुळे पोरगे दुसरीकडे जात नसत; आणि लाईनीबाहेर ही चव कुणाला माहीत नसल्यामुळे बाहेरचा कुणी आत येत नसे. भाजी महागली तरी मायला जेवणाचा दर वाढवता यायचा नाही. आपलीच पोरं, गावी गेलं की त्यांच्या आया समोर येणाऱ्या. मग ती डाळ थोडी पातळ करायची आणि स्वतःवरच चिडायची.

माय निवांत बसलेली मला आठवत नाही. भाकऱ्या झाल्या की ती डोक्यावर पदर घेऊन लाईनीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. तिथून औद्योगिक वसाहतीचा मोठा रस्ता दिसायचा. पाळीच्या बसेस जायच्या, प्रत्येक बसवर वेगळ्या कंपनीचं नाव. मायला वाचता येत नव्हतं. ती मला बोलवायची आणि विचारायची, हिच्यावर काय लिहिलंय, तिच्यावर काय. एकदा मी विचारलं, तुला कशाला पाहिजे? ती म्हणाली, "आपल्या लाईनीत कुणाला नवीन काही कळतच नाही. एकाला जे माहीत, तेच सगळ्यांना माहीत." हे ती अर्थात अहिराणीत म्हणाली. मी इथे मराठीत लिहिते आहे; जिथे तिचे शब्द बदलवत नाहीत, तिथे तसेच ठेवीन.

मला तिची ती चुळबुळ आवडायची नाही. मला लाईन आवडायची. माझ्या मैत्रिणी तिथे होत्या, कुठल्याही घरात जाऊन मी जेवू शकत होते. कमलकाकू समोर राहायची. तिच्या ओट्यावर बसून आम्ही पोरी तासन्‌तास बडबड करायचो. एवढं सगळं असताना आपल्या आईनं सारखं रस्त्याकडे का बघत राहावं, हे मला कळायचं नाही.

लाईनीतून एक मासेवाली जायची. हिराबाय तिचं नाव. ती आत विकायला यायची नाही, कारण आमच्याकडे ताजी मासळी कुणी घेत नसे, साफ करायची कशी तेच माहीत नव्हतं. बाजाराकडे जायला लाईन तिला जवळची पडायची, एवढंच. एक दिवस मायनं तिला विचारलं, "कोठली शे तू?"

"नवापूरची," हिराबाय म्हणाली.

माय एकदम उठली. आमच्या खानदेशात नवापूर आहे, मायची एक मावशी तिथे दिलेली. तिनं हिराबायला हाताला धरून आत आणलं, टोपली उतरवली, पाणी दिलं, आणि मावशीच्या आळीची चौकशी सुरू केली. हिराबाय पाणी पिता पिता नुसती बघत राहिली. शेवटी मायनं स्टेशनजवळच्या घराबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाय गो, आमच्या नवापूरला टेसन नाय. तितं दर्या हाय." बोईसरच्या पश्चिमेला किनाऱ्यावर तिचं नवापूर होतं. मायनं समुद्र तोवर पाहिलाही नव्हता. दोघी इतक्या हसल्या की कमलकाकू बघायला आली.

त्यानंतर हिराबाय येता-जाता आमच्या दारात टेकायची. माय तिला भाकरी आणि ठेचा द्यायची, ती कागदात बांधून सुकट आणायची. एकीचं बोलणं दुसरीला अर्धंच कळायचं. तरी त्यांचं जमलं. आणि तिनंच एक दिवस सांगितलं, "औषदांच्या कंपनीत कँटीनला बाई पायजे. माजी भाची होती तितं, तिचा लगीन झाला. तू का नाय जात? तुजा हात तं मशीनसारखा चालतो."

औषधांची ती कंपनी आमच्या लाईनीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. तिथे बाया घेतात, कँटीन कंपनीचं आहे, साबण आणि साडी मिळते, यातलं काहीही लाईनीत कुणाला ठाऊक नव्हतं. ते किनाऱ्यावरच्या एका बाईकडून आमच्यापर्यंत यावं लागलं.

मायनं आप्पांना सांगितलं. आप्पा स्वभावानं शांत, कुणाशी वाद न घालणारे. त्यांनी एवढंच विचारलं, "तठे कोन शे आपलं?" तिथे आपलं कोण आहे. माय भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "कोनीच नही. म्हनीसन जास." कुणीच नाही, म्हणूनच जाते आहे. 

दुसऱ्या दिवशी नाना आले. ते जेठ, म्हणजे थोरले दीर, त्यामुळे माय त्यांच्याशी थेट बोलत नसे. पदर कपाळापर्यंत ओढून ती चुलीकडे तोंड करून बसली आणि मध्ये मी. नाना चहा पिऊन झाल्यावर मला म्हणाले, "उषा, तुन्या मायले सांग, पोऱ्यास्नं काय व्हई?" पोरांचं काय होईल. माय भिंतीला म्हणाली, कमल करील त्यांचं जेवण, तिला सांगून ठेवलंय.

नानांनी कप खाली ठेवला. "इथे ती मालकीण आहे," ते म्हणाले. "तिथे कुणाच्याही हाताखाली भाजी चिरावी लागेल. कोण काय बोललं, काय झालं, तर आपण कुणाच्या दारात जायचं? मला तिथलं फाटकावरचं कुत्रंसुद्धा ओळखत नाही."

मी ते मायला सांगायला वळले, तर माय माझ्याकडे बघून, पण नानांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "सांग त्यांना, त्यांनी आम्हाला आणलं, त्यांचे उपकार आहेत. पण रंगाची कंपनी उद्या नसली तर नाना काय करतील?"

नाना उठले. रागावले नव्हते, त्यांचा चेहरा उतरला होता. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला त्या क्षणी आईचा भयंकर राग आला.

कँटीनच्या मॅनेजरकडे माय मला दुभाषी म्हणून घेऊन गेली. मॅनेजर मंगळूरकडचे, जाडसर, पांढरी लुंगी नेसलेले. त्यांनी हिंदीत विचारलं, काय काय येतं. मायनं भराभर सांगितलं: कळण्याची भाकरी, भरीत, डुबुकवडे, बिबडे, पुरणाचे मांडे. मी एकेक नाव त्यांना सांगत गेले आणि प्रत्येक नावाला ते मान हलवून नाही म्हणत गेले. यातलं इथे काहीच लागत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "चावल? सांबार?" आत एक पातेलं दिसत होतं, आमच्या मोरीएवढं. माय आयुष्यात सणालाच भात शिजवत आलेली. तिनं त्या पातेल्याकडे पाहिलं, मग मला म्हणाली, "सांग त्याले, शिकाडा. शिकसू."

"बोलती है, सिखाओ तो सीखेगी," मी म्हटलं.

मॅनेजर हसले. "कल से आने का. पहले कांदा काटने का."

पहिले कित्येक आठवडे माय घरी आली की तिचे डोळे लाल असायचे. कांद्यामुळे, असं ती म्हणायची. तिथे एक बंगाली आचारी होता, दोन केरळच्या बायका होत्या, हिराबायची कुणी नात्यातली होती, भांडी घासायला जव्हारकडचे दोघे-तिघे. कुणाचीच भाषा कुणाला नीट येत नव्हती. सगळे मोडक्या हिंदीत बोलायचे आणि त्या हिंदीतही आमची माय सगळ्यात मागे. जिला लाईनीत बोलण्यात कुणी हरवू शकत नसे, ती तिथे दिवसभर मुकी असायची. घरी येऊनही फारसं बोलायची नाही. भाकऱ्या तिनं कमी केल्या, भात करायला लागली. आप्पा तो मुकाट्यानं खायचे आणि अर्धवट पोटानं उठायचे.

लाईनीनं आम्हाला वाळीत वगैरे टाकलं नाही. तसं काही बोललं गेलं नाही. फक्त पोरगे जेवायला समोर कमलकाकूकडे गेले, आणि त्यांच्याबरोबर आमच्या घरातला आवाज गेला. ओट्यावरच्या पोरी मी आले की विषय बदलायच्या. नळावर मायची बादली आली की तिला वगळून नंबर पुढे सरकायचा. आप्पांना कंपनीत पूर्वी जादा पाळी मिळायची, ती आता कधीमधी मिळू लागली. नानांनी ते मुद्दाम केलं असेल असं मला अजूनही वाटत नाही. आधी त्यांच्या डोळ्यांसमोर आप्पा असायचे, आता नसायचे.

श्रावणात कानबाई येते. खानदेशातला हा मोठा उत्सव. घरातल्या माणसांच्या नावानं मुठीमुठीनं गहू घ्यायचे, ते दळायचे आणि त्याचे रोट करून देवीपुढे ठेवायचे. गावी हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. लाईनीत सगळेच एकमेकांचे भाऊबंद, म्हणून कानबाई नानांच्या खोलीत बसायची आणि गहू घरोघर फिरून गोळा व्हायचे. त्या वर्षी मायनं आदल्या दिवशीच गहू निवडून ठेवले आणि रविवारी सकाळी ती पाळीला गेली. कँटीनला रविवार नव्हता. मी आणि आप्पा दार उघडं टाकून बसलो. समोरून बायकांचा घोळका गेला, गाणी म्हणत, हातात परात. आमच्या दाराशी तो थांबला नाही. मला वाटलं, परत येताना थांबेल. परत येतानाही थांबला नाही.

आप्पांनी धुतलेला सदरा घातला, गहू रुमालात बांधले आणि ते स्वतः निघाले. मी मागून गेले. नानांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नारळाला डोळे-नाक लावून, नथ घालून कानबाई बसवलेली, लाल भोपळ्याच्या भाजीचा वास सुटलेला. आप्पांनी रुमाल पुढे केला. नानांची बायको गडबडली. तिनं नानांकडे पाहिलं, नाना खाली बघत होते. मग ती हळूच म्हणाली, "दळन व्हई गयं, भाऊ." दळण होऊन गेलं.

आप्पांनी देवीला नमस्कार केला. रुमाल पुन्हा काखेत घेतला. परत येताना ते इतके हळू चालत होते की दोन खोल्यांमधलं अंतर मला शेताएवढं वाटलं. संध्याकाळी माय आली, तिनं रुमाल पाहिला, आणि काय झालं ते विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तेच गहू रोजच्या दळणात घालून टाकले. त्या पोळ्या आप्पांनी खाल्ल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्याच्या आत रंगाची कंपनी बंद झाली. सकाळच्या पाळीला गेलेले पुरुष लगेच परत आले. फाटकाला कुलूप होतं, मालकांनी यंत्रं दुसऱ्या राज्यात हलवायची ठरवलं होतं. एका दिवसात लाईनीतली सगळी घरं थांबली. एका घरातला माणूस बसला असता तर शेजाऱ्यानं चार दिवस सांभाळलं असतं; पण शेजारीही बसलेला, त्याचा शेजारीही. पोरगे गावी गेले, तशी कमलकाकूची खानावळ मिटली. लाईनीच्या तोंडाशी किराणा विकणारा आमचाच माणूस, त्याचं दुकान मिटलं. नाना रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून निघायचे, वसाहतीतल्या एकेका फाटकावर उभे राहायचे आणि दुपारी परत यायचे. इतकी वर्षं एका फाटकानं त्यांना नावानं हाक मारली होती. बाकीच्यांना ते कोण, हे ठाऊक नव्हतं. ते परत येताना दिसले की लाईनीतले पुरुष काही न विचारता आत जायचे. गटारातलं पाणी त्या दिवसांत नुसतं पाणी होतं.

परवा पालघरहून एका लग्नाला बोईसरला गेले होते, तेव्हा त्या बाजूला मुद्दाम रिक्षा वळवली. लाईन आहे. पत्रे बदलले आहेत. आता तिथे ओरिसाचे पोरगे राहतात. एका दारात एक बाई मोठ्या कढईत काहीतरी परतत होती आणि चार-पाच जण ताटं घेऊन उभे होते. मी उतरले नाही. उतरून काय विचारणार होते?

कंपनी बंद झाली त्या वेळी लाईनीत फक्त आमच्या घरात पगार येत होता. मायला तोवर सांबार यायला लागलं होतं, हिंदीही. आणि एक दिवस मॅनेजर तिला म्हणाले, "अपने उधर से औरतें लाओ. जिम्मेदारी तुम्हारी." काम वाढलं होतं, त्यांना भरवशाच्या बाया हव्या होत्या, आणि एकीला धरलं की दहा सापडतात हे त्यांना माहीत होतं. माय ते ऐकून घरी आली आणि स्वयंपाक न करता फेऱ्या घालू लागली, चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. आप्पा म्हणाले, यात विचार काय करायचा, घेऊन जा. माय म्हणाली, "मग मी नाना होईन. उद्या कँटीन बंद झालं तर पुन्हा सगळ्या घरी."

तरी ती बायांना न्यायला निघालीच. सकाळी तिनं दारोदार जाऊन सांगितलं, जिला यायचं तिनं माझ्याबरोबर यावं. सात-आठ जणी निघाल्या, कमलकाकू सगळ्यात पुढे. कँटीनच्या दाराशी माय बाजूला झाली. मॅनेजरना ती म्हणाली, "साब, आप पूछो, वो बोलेंगी." आणि स्वतः कांदे सोलायला बसली. मी बायांबरोबर होते, पण मायनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. एकेक जण पुढे गेली. तिघी काहीबाही बोलल्या, हातवारे केले, त्या कामावर राहिल्या. बाकीच्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्यांत कमलकाकूही होती. तिला मॅनेजरनी दोनदा विचारलं, आणि ती वळून मायकडे बघत राहिली. माय कांदे सोलत होती.

परत येताना रस्त्यात कमलकाकूनं तिला गाठलं. "तू एक शबद बी नही बोलनी," ती म्हणाली. एक शब्दही बोलली नाहीस. माय म्हणाली, "मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्यासाठी कोण बोललं?" कमलकाकू म्हणाली, "तुझी पोरगी बोलली."

माय तिथेच थांबली. काकू पुढे निघून गेली. हे मी कितीदा तरी आठवलं आहे. माय चुकली का, हे ठरवायला मी आता तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी झाले आहे, तरी मला ठरवता येत नाही. त्या तिघींपैकी एक पुढे दुसऱ्या कंपनीत गेली, एकीनं स्वतःची पोळीभाजीची गाडी टाकली. कमलकाकूची मात्र आमच्याशी बोलण्याची ती शेवटची वेळ.

थोड्याच दिवसांत नानांना रस्ता सापडला. सुरतेत, उधन्याला, खानदेशी माणसांचं अख्खं गाव वसलेलं. नानांचा मेहुणा तिथे यंत्रमागावर कामाला होता. नाना एकटे जाऊन आले आणि आठवड्याभरात लाईन रिकामी होऊ लागली. ट्रंका, पाटे-वरवंटे, कानबाईचा पाट, सगळं टेंपोत. निघायच्या आधी नाना आमच्या दारात आले. बाहेरूनच आप्पांना म्हणाले, "तुझी जागा तिथे धरली आहे." कानबाईच्या दिवशीचं काही त्यांनी काढलं नाही, आप्पांनीही नाही.

आप्पा मायला म्हणाले, "चाल ना." त्यांच्या तोंडून विनवणी मी पहिल्यांदा ऐकली. माय म्हणाली, पोरीची शाळा आहे, माझं काम आहे, तुम्ही इथे थांबा, काहीतरी मिळेल. आप्पा तोवर कितीतरी फाटकांवरून परत आले होते. अनोळखी माणसाला आपलं नाव सांगायचं म्हटलं की ते रांगेतल्या मागच्याला पुढे जाऊ द्यायचे. ते नानांबरोबर गेले.

आम्ही दोघी बोईसरजवळच पास्थळला एका खोलीत राहायला गेलो. एका बाजूला रत्नागिरीकडचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला दोघे तेलुगू भाऊ, घरमालकीण तिथलीच, वाडवळ समाजाची. दुपारी तिथे कुणी कुणाच्या ओट्यावर बसत नसे. मला झोप लागायची नाही, पुस्तकात लक्ष लागायचं नाही. मी खोलीतून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर येऊन उभी राहायचे, अगदी माय पूर्वी उभी राहायची तशी. घरमालकिणीच्या मुलीनं मला परिचारिकेच्या शिक्षणाचं सांगितलं, अर्ज कुठे करायचा तेही तिनंच दाखवलं. लाईनीत असते तर ते माझ्या कानावर आलं असतं का? बहुधा नाही. त्या शिक्षणावर माझं पुढचं सगळं आयुष्य चाललं.

दोन-तीन वर्षांनी मायचं काम पक्कं झालं. तिनं मॅनेजरकडे शब्द टाकून कँटीनच्या भांडारात आप्पांसाठी जागा मिळवली. जो शब्द तिनं कमलकाकूसाठी टाकला नव्हता, तो. आणि मग आम्ही दोघी आप्पांना आणायला सुरतेला गेलो.

उधन्याची ती गल्ली मी डोळे मिटूनही ओळखली असती. लसूण-मिरचीचा वास, नळावरचं भांडण, दारादारातून अहिराणी. मागांची खडखड सोडली तर सगळं तेच. वळणावर आम्हाला आप्पांचा आवाज ऐकू आला आणि मायनं माझा हात धरून मला थांबवलं. आप्पा एका बाजेवर बसून सात-आठ माणसांना काहीतरी सांगत होते, हातवारे करून, आवाज बदलून, आणि माणसं हसून लोळत होती. मी माझ्या वडिलांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. लाईनीतही नाही. मायनं ते पूर्ण ऐकून घेतलं, मगच पुढे झाली.

बायकांनी तिला ओढून आत नेलं. कमलकाकू समोरच्या दारात होती, ती आली नाही. नानांच्या बायकोनं ताट वाढलं. "बठ वं माय," म्हणाली. कळण्याची भाकरी, भरीत, कच्च्या तेलात कालवलेली चटणी. माय जेवायला लागली, आणि बोलायला लागली. कँटीनमधल्या बंगाल्याची नक्कल केली, पास्थळच्या पावसाचं सांगितलं, हिराबायचं, तिनं शेवटी दाखवलेल्या समुद्राचं. दुपारभर ती थांबली नाही. पास्थळच्या खोलीत ती मला कामापुरतं विचारायची, मी कामापुरतं सांगायचे. तिच्यात एवढं बोलणं साठलं होतं, याची मला कल्पना नव्हती. निघायची वेळ झाली तेव्हा बायका म्हणाल्या, "आजना दिन ऱ्हाय." माय म्हणाली, सकाळची पाळी आहे.

आप्पा पिशवी न भरताच आम्हाला पोचवायला आले. स्टेशनवर बाकावर बसल्यावर त्यांनीच विषय काढला, कधी येऊ, म्हणाले. हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या पोरासारखे. माय त्यांच्या नखांकडे बघत होती. नखं आता स्वच्छ होती. माय म्हणाली, "तुम्ही आठेच ऱ्हा." इथेच राहा.

आप्पांनी मान डोलावली. ते शेवटपर्यंत तिथेच राहिले. दिवाळीला यायचे, मे महिन्यात यायचे, पास्थळच्या अंगणात दोन दिवस बसायचे आणि तिसऱ्या दिवशी गाडीची वेळ विचारायचे. भांडण कधीच झालं नाही. भांडाराची ती जागा मायनं जव्हारकडच्या एकाला मिळवून दिली.

त्या दिवशी स्टेशनवर, ते एवढं बोलून झाल्यावर, माय पुन्हा बोलू लागली. घरमालकिणीच्या शेवग्याची गोष्ट: वाऱ्यानं झाड पडलं, ते नेमकं तेलुगू भावांच्या न्हाणीवर, आणि आत कोण होतं... आप्पा पुढे वाकून ऐकत होते. गाडी आली तेव्हा ती वाक्याच्या मध्यावर होती. आम्ही चढलो, आप्पा मागे राहिले.

गाडी सुटल्यावर उरलेली गोष्ट तिनं मला सांगून टाकली. ती मला माहीतच होती, मी त्या वेळी घरातच होते. "बरं झालं, कुणाला लागलं नाही," मी म्हटलं, शाळेतल्या स्वच्छ मराठीत. सवयच तशी झाली होती.

मायनं माझ्याकडे पाहिलं आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. उमरगाव गेलं. मग तिनं मांडीवर फडकं पसरलं, नानांच्या बायकोनं बांधून दिलेली भाकरी सोडली, आणि अगदी माझ्यासारख्या मराठीत मला विचारलं, "भूक लागली आहे का?"